तारण कोणाचें?

पैशाकडे पैसा जातो, हें आपण मोठ्या व्यवहारज्ञानानें मुलांना सांगतों. पण ज्याच्यापाशीं पहिला पैसाच नाहीं त्यानें धंदा मांडावा कसा, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच निघतो.

सातारा जिल्ह्यांत, माणदेशांत, म्हसवड म्हणून गांव आहे. तेथें रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईंतून थोडें थोडें बाजूस टाकावयाचें होतें. पावसाळ्यापूर्वीं डोक्यावर आच्छादन हवें होतें. रक्कम इतकी लहान, कीं बँकांनीं तिचें खातें उघडण्यास नकार दिला. तेव्हां श्रीमती चेतना सिन्हा यांनीं बायकांचीच सहकारी बँक काढण्याचें मनावर घेतलें. रिझर्व्ह बँकेनें अर्ज फेटाळला; कारण, प्रवर्तक बायकांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्या कांहीं महिने अक्षरें गिरवून पुन्हां गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही यंत्राविना काढून दाखवितों. तुमच्या माणसांनींही तसेंच दाखवावें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

सही येत नसली तरी हिशेब येत होता. मात्र कर्जाच्या वेळीं पहिला प्रश्न तारणाचा. जमीन बहुधा पुरुषाच्या नांवें. गांवकीचीं कामें करीत आलेल्या कित्येक दलित घराण्यांना तर पिढ्यान्‌पिढ्या जमीनच नाहीं. हें ओळखून २०१६ सालीं केंद्र सरकारनें 'स्टँड-अप इंडिया' योजना काढली. बँकेच्या प्रत्येक शाखेनें निदान एका अनुसूचित जाति-जमातीच्या व्यक्तीस आणि निदान एका स्त्रीस नव्या उद्योगासाठीं १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्ज द्यावें, असा तिचा संकल्प होता.

सरकारचें सरकार पाहील. आपल्या घराचें काय? २००५ च्या कायदादुरुस्तीनें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही वांटणीच्या वेळीं साडीचोळी करून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत सुशिक्षित घरांतही आहेच. उद्यां तीच बहीण मसाल्यांचा कारखाना काढूं म्हणाली, तर बँकेपुढें काय ठेवील? आणि शेजारच्या वस्तींतला होतकरू तरुण जामीन मागावयास आला, तर आपण आधीं त्याची हिशेबाची वही पाहूं कीं आडनांव?

कोणीतरी प्रथम विश्वास टाकतो, तेव्हां माणसाची पत सुरू होते. तो पहिला विश्वास आपल्या मुलांना न मागतां मिळत आला, एवढें तरी रात्रीच्या पंगतींत मोकळेपणानें बोलूं या.