रोवलेले राहिले, मूळचे गेले

सात वर्षांपूर्वी मी हेअर ट्रान्सप्लांट करून घेतले, तेव्हा घरात फक्त पत्नीला ठाऊक होते. अम्मीला सांगितले, ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जातोय. आता वजू करताना ओला हात डोक्यावरून फिरवला की कळते, कपाळाशी केस दाट आहेत आणि त्यांच्या मागे मोकळे मैदान.

दोष रोपणाचा नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली मांडलेली गोष्ट आजही खरी आहे. डोक्याच्या मागच्या भागातले केस पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत, बहुतेक टिकतात. पण शेजारच्या मूळच्या केसांवर डीएचटी या संप्रेरकाचा मारा चालूच राहतो. म्हणून तर फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल देतात, आणि ते थांबवले की गळती पुन्हा सुरू. मी दोन वर्षांत कंटाळून सोडले, ती चूक माझी.

क्लिनिकने मात्र ‘कायमचे’ हा शब्द वापरला होता. रोवलेल्या केसांपुरता तो खोटाही नव्हता. उरलेल्या डोक्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. पैसे घेण्याआधी हे सांगायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. मागच्या केसांचा साठा मर्यादित असतो. पंचविशीतच तो कपाळावर उधळला तर चाळिशीत काय रोवणार?

परवा भाचा विचारत होता, “मामू, मीपण करू का?” त्याचे लग्न ठरायचे आहे. मी दार लोटून घेतले आणि टोपी काढून त्याला डोके दाखवले.