घटस्फोटानंतरचे सामाईक घर : कायदा, हिशेब आणि न्याय

ख्रिस्ती विवाहबंधन आजीवन आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण अढळ आहे. तरीही काही संसार दुभंगतात, हे वास्तव नाकारून चालणार नाही. अशा वेळी मुलांच्या ताब्याखालोखाल कडवट वाद होतो तो घराचा. वसई-विरार पट्ट्यात आणि मुंबईच्या उपनगरांत पती-पत्नीने बँकेचे कर्ज काढून दोघांच्या नावे सदनिका घेणे आता सर्रास झाले आहे. न्यायालयात विवाह संपतो, पण सदनिकेचे कागद आणि कर्जाचे हप्ते मागे उरतात. या विषयाची नीट माहिती आपल्या श्रद्धावंतांना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाने एखादा विवाह मुळातच अवैध होता असा निर्वाळा दिला, तरी त्यामुळे विवाहाची दिवाणी बाजू निकाली निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले. अशा निर्वाळ्यांना दिवाणी मान्यता मिळावी, ही याचिकाही त्याने २०१७ मध्ये फेटाळली. दिवाणी घटस्फोट १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसारच मिळतो. परस्पर संमतीचा मार्ग त्यात २००१ च्या दुरुस्तीने आला. कायदेशीर हक्क, मुलांचे संगोपन किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो नैतिक अपराध ठरत नाही, असे कॅटेकिझमच्या २३८३ व्या परिच्छेदात सांगितले आहे. म्हणून घराचा हक्क मागणाऱ्या व्यक्तीकडे धर्मग्रामाने संशयाने पाहू नये.

दुसरा गैरसमज असा की घटस्फोट झाला म्हणजे सगळ्याची निम्मी वाटणी होते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि विवाह संपल्यावर तिची समान विभागणी होते. महाराष्ट्रात तसे नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम २० नुसार केवळ विवाहामुळे जोडीदाराच्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. घर दोघांच्या नावे असेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ लागू होते. वेगळा करार नसल्यास ज्याने खरेदीच्या रकमेत जितका वाटा दिला तितका त्याचा हिस्सा. आणि कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तर दोघांचे हिस्से समान मानले जातात.

वरवर पाहता हे तत्त्व निःपक्षपाती वाटते. पण एखादा संसार डोळ्यांपुढे आणा. पतीच्या पगारातून हप्ते गेले. पत्नीच्या पगारातून किराणा, मुलांची फी आणि सासू-सासऱ्यांचे औषधपाणी झाले. हप्त्यांची नोंद बँकेत राहिली, किराण्याची कोठेच राहिली नाही. पत्नीने घर चालवले म्हणूनच पतीला हप्ते भरता आले, हे कागद सांगत नाही. आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे. कायदा नावे आणि रकमा मोजतो. कष्टांचे मोल मात्र दोघांनी, त्यांच्या वकिलांनी आणि मध्यस्थांनी समझोत्याच्या अटींतच धरले पाहिजे. संमतीच्या घटस्फोटात त्याला पूर्ण वाव असतो.

म्हणून घराचा निर्णय ‘नंतर पाहू’ म्हणून टाळू नये. मार्ग साधारणतः तीन आहेत. एकाने योग्य मूल्यांकन करून दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा व नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. किंवा घर विकून, कर्ज फेडून, उरलेली रक्कम वाटून घ्यावी. किंवा मुलांचे शिक्षण होईपर्यंत विक्री लांबवावी; मात्र तोवर तेथे कोण राहणार, हप्ते आणि सोसायटीची देणी कोण भरणार, विक्री कधी होणार, हे लेखी ठरवावे.

बँकेचा विसर पडू देऊ नये. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या असतील, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने बँक बांधली जात नाही. घर एकाला मिळाले आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक दुसऱ्याच्याही दारी येते. दुसऱ्याचे नाव कर्जातून कमी करण्यास बँकेची लेखी संमती लागते. त्यानंतर सोसायटीच्या भागपत्रावरील नावही बदलून घ्यावे.

समझोता झालाच नाही, तर पती-पत्नीमधील मालमत्तेचा वाद १९८४ च्या कायद्याखालील कुटुंब न्यायालयात नेता येतो. दोन खोल्यांची सदनिका भिंत घालून वाटता येत नाही. अशा वेळी १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेला सहमालक विक्रीची मागणी करू शकतो आणि दुसरा मूल्यांकनाच्या किमतीत तो हिस्सा विकत घेण्याची परवानगी मागू शकतो. तोवर दोघेही मालकच असतात. कुलूप बदलल्याने मालकी बदलत नाही.

अशा कुटुंबांना धर्मगुरू, नातलग आणि शेजारी यांनी दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यावे, न्यायाधीश होऊ नये. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या हक्कसोडपत्रावर कोणाचीही सही घेऊ नये, घाईत असलेल्या भावाची नाही आणि माहेरी परतलेल्या बहिणीची तर मुळीच नाही. मुलांसमोर घराची किंमत काढू नये. आईवडिलांचे नाते तुटले, तरी रात्री निजायला आपले एक घर आहे याची खात्री त्या मुलांना हवी असते. वाटणीच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी ती खात्री त्या कागदात आहे का, हे आधी पाहावे.