आधी नखपरीक्षण, मग औषध

रुग्णाची नाडी व जिव्हा पाहिल्यावाचून आपण औषध लिहीत नाही. मात्र नखाची तक्रार पुढे आली की हा नियम शिथिल होतो. नख जाड झाले, पिवळे पडले, की ‘बुरशी असेल’ असे म्हणून तेल वा मलम दिले जाते. औषधालयात तर रुग्णाने बोट दाखवण्याचीही गरज उरत नाही. ही पद्धत थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या शास्त्राने नखास गौण मानलेले नाही. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत चिप्प व कुनख यांचे स्वतंत्र वर्णन केले आहे. चिप्पात वातपित्तामुळे नखालगतच्या मांसात वेदना, दाह व पाक होतो. व्यवहारात ज्याला नखुरडे म्हणतात ते जवळपास हेच. कुनखात आघाताने नख दूषित होऊन रूक्ष, काळे व खरखरीत होते. हेतू भिन्न, लक्षणे भिन्न. मग दोहोंना एकच मलम कसे चालावे?

जाड व विरूप नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी आढळते, हे आज सर्वमान्य आहे. उरलेल्यांत सोरायसिस, लायकेन प्लॅनस, घट्ट पादत्राणांचा दाब अशी कारणे असतात. सुईने टोचल्यासारखे खळगे सोरायसिस सुचवतात. चमच्यासारखे खोलगट नख लोहाच्या कमतरतेकडे लक्ष वेधते. शंका असल्यास नखाचा तुकडा बुरशीच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा.

सर्वांत गंभीर बाब काळ्या उभ्या रेषेची. सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर अशा रेषा पुष्कळदा निरुपद्रवी असतात. परंतु एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी वा लगतच्या त्वचेवर पसरलेली रेषा मेलानोमा या कर्करोगाची असू शकते. तेथे तेल देऊन दोन महिने वाट पाहणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय. अशा रुग्णास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्यात कोणताही कमीपणा नाही.

निदानानंतर कालमर्यादाही प्रामाणिकपणे सांगावी. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. ते मुळापासून नवे येण्यास सुमारे ६ महिने, तर पायाच्या अंगठ्याच्या नखास १२ ते १८ महिने लागतात. ‘पंधरा दिवसांत नख पूर्ववत’ असे आश्वासन देणारा रुग्णाची फसवणूक करतो आणि शास्त्राचीही अप्रतिष्ठा करतो.

नखांच्या निगेविषयीही चार शब्द आवश्यक आहेत. चरकांनी पंधरवड्यातून तीन वेळा नखे कापण्यास सांगितले आहे. आज सौंदर्यकेंद्रांप्रमाणे काही पंचकर्म केंद्रांतही मॅनिक्युअर होते. नखाच्या बुडाशी असलेला त्वचेचा पातळ पापुद्रा कापून टाकण्याची प्रथा तेथे रूढ आहे. वास्तविक तो पापुद्रा नखमुळाचे संरक्षण करतो. तो कापला की जंतूंना वाट मोकळी होते. तो कोमट पाण्याने मऊ करावा व तसाच राहू द्यावा. धातूची उपकरणे प्रत्येक व्यक्तीनंतर निर्जंतुक करावीत, घासणी प्रत्येकाची वेगळी असावी, पायाची नखे सरळ रेषेत कापावीत. मधुमेही व्यक्तीची संवेदना मंद असू शकते. तिच्या पायांसाठी पाणी वापरताना त्याची उष्णता आपण स्वतः तपासावी.

गर्दीच्या वेळी एवढे पाहण्यास सवड कोठे, असा प्रश्न येईल. नखरंग पुसून, दिवसाच्या उजेडात वीसही नखे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. औषधालयाच्या मालकांनी निदान तीन प्रश्न तरी विचारावेत: तक्रार एका नखाची की अनेक नखांची? पू वा काळी रेषा आहे काय? मधुमेह आहे काय? उत्तर शंकास्पद वाटल्यास बाटली फळीवरच ठेवावी व रुग्णास वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशी एक विक्री कमी होईल. परंतु रुग्णाचा विश्वास टिकेल, आणि आपला व्यवसाय त्याच विश्वासावर उभा आहे.