आनंदीबाईंना शिकवलं कोणी?

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या शिबिरात मी नेहमीप्रमाणे डॉ. आनंदीबाई जोशींवर बोलत होते. चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत गेलेलं मूल, नवऱ्याशिवाय केलेला बोटीचा प्रवास, १८८६ साली मिळालेली पदवी, वर्षभरात मृत्यू. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावणं ठरलेलंच. शेवटी नर्सिंग शिकणारी एक मुलगी उठली. ‘‘ताई, तिला शिकवलं कोणी? त्या कॉलेजनं तिला घेतलं कसं?’’

मी म्हणून गेले, ‘‘अमेरिका पुढारलेली होती ना!’’

मुलगी खाली बसली, पण ते उत्तर मला टोचत राहिलं. घरी येऊन वाचायला लागले तेव्हा कळलं, मी तिला चक्क खोटं सांगितलं होतं.

त्या ‘पुढारलेल्या’ अमेरिकेत ॲन प्रेस्टन नावाच्या बाईला वैद्यकीय कॉलेजांनी केवळ बाई म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. ती १८१३ साली पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट ग्रोव्ह गावी, क्वेकर पंथाच्या शेतकरी घरात जन्मली. आई आजारी, बहिणी लहानपणीच गेलेल्या. घर सांभाळणं आणि भावंडांचं करणं हिच्याच वाट्याला आलं. गुलामगिरीविरोधी चळवळीत ती काम करत होती. बायकांना स्वतःच्या शरीराबद्दल काहीच सांगितलं जात नाही हे पाहून ती स्वतः शिकली आणि गावातल्या बायकांना शरीरशास्त्र व आरोग्य शिकवू लागली. वस्तीत आरोग्य शिबिरं घेणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे ओळखीचं वाटेल!

१८५० साली फिलाडेल्फियात बायकांसाठी वैद्यकीय कॉलेज निघालं. ते ॲननं काढलं नव्हतं. काढणाऱ्यांत सुधारक क्वेकर पुरुष होते. ती पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी. १८५१ च्या अखेरीस आठ जणी पदवीधर झाल्या. ॲन तेव्हा अडतीस वर्षांची होती. १८५३ पासून ती तिथेच शरीरक्रियाविज्ञान आणि आरोग्यशास्त्र शिकवू लागली.

आपल्या गोष्टी बहुधा इथेच संपतात. पदवी मिळाली, टाळ्या वाजल्या, फोटो लागला. खरी लढाई इथून पुढे होती. डॉक्टर होण्यासाठी रुग्ण पाहावे लागतात आणि रुग्णालयं पुरुषांच्या ताब्यात. १८५८ साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं ठरवलं, की बायकांच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांशी आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांशी सभासदांनी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत. म्हणजे आधी अनुभव मिळू द्यायचा नाही, आणि मग म्हणायचं, बायकांना अनुभव कुठे आहे? ही चलाखी आपण आजही रोज पाहतो.

ॲन प्रेस्टननं काय केलं? ती निधी गोळा करत फिरली. एमेलीन क्लीव्हलँड या डॉक्टर मैत्रिणीला प्रसूतिशास्त्राच्या अधिक शिक्षणासाठी पॅरिसला पाठवण्यात आलं, आणि १८६१ साली बायकांचं स्वतःचं रुग्णालय उभं राहिलं. यादवी युद्धाच्या धामधुमीत कॉलेज काही काळ बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याला आसरा मिळाला याच रुग्णालयात. १८६६ साली ॲन त्या कॉलेजची डीन झाली. या पदावरची ही पहिली बाई.

पण आपलं घर झालं म्हणून ती गप्प बसली नाही. सार्वजनिक रुग्णालयं सगळ्यांची आहेत, तिथेही आमच्या मुली शिकणार, असा तिनं धोशा लावला. नोव्हेंबर १८६९ मध्ये तिच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधल्या वर्गाला गेल्या. तिथे शेकडो पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, शिट्ट्या मारल्या, कागदाचे बोळे फेकले, अंगावर तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. रस्त्यातही पाठ सोडली नाही.

आणि मग शहरातली प्राध्यापक मंडळी कुणाविरुद्ध उठली? पिचकाऱ्या टाकणाऱ्यांविरुद्ध? छे! स्त्री-पुरुषांना एकत्र वर्गात बसवण्याविरुद्ध. बायकांच्या विनयशीलतेची त्यांना एकाएकी काळजी वाटू लागली होती. ॲन प्रेस्टननं वर्तमानपत्रातून दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा : जिथे बाईनं रुग्ण म्हणून पुरुषांसमोर येणं चालतं, तिथे तिनं डॉक्टर आणि विद्यार्थिनी म्हणून येणंही योग्यच आहे.

मैत्रिणींनो, हा मुद्दा नीट मनात ठेवू या. बाई खाटेवर उघडी पडलेली असते तेव्हा कुणाला तिच्या लज्जेची आठवण होत नाही. ती खाटेशेजारी अधिकारानं उभी राहिली की मर्यादा धोक्यात येते!

हे दीडशे वर्षांपूर्वीचं, असं कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारनं काढलेल्या सूचनांपैकी एक होती, शक्य तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं कान उपटले तेव्हा ती बदलावी लागली. गुन्हा करणारा पुरुष आणि घरी बसायचं बाईनं. १८६९ च्या प्राध्यापकांना हा उपाय नक्की पटला असता.

ॲन प्रेस्टन १८७२ साली गेली. जाताना तिनं कॉलेजच्या विद्यार्थिनींसाठी पैसे ठेवले. ती डीन असतानाच, १८६७ मध्ये, रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी तिथून डॉक्टर झाली. ॲनच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, रेचल बॉडली डीन असताना, आनंदीबाई त्याच कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ मध्ये तिथूनच आपल्या गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या. त्यांचं नाव तरी किती जणींना ठाऊक आहे? दुसरी आली, की आपल्या टाळ्या संपतात!

आनंदीबाईंचं धैर्य मी तसूभरही कमी लेखत नाही. माझा आक्षेप आपल्या सांगण्याला आहे. ‘पहिली’ची आरती ओवाळली, की तिच्याआधी निधी गोळा करणाऱ्या, भिंती उभ्या करणाऱ्या, पिचकाऱ्या अंगावर घेऊन पुन्हा वर्गात जाणाऱ्या बायका दिसेनाशा होतात. मग पोरींना वाटतं, बदल घडतो तो एखादीच असामान्य असते म्हणून. आणि आपण सामान्य आहोत असं समजून त्या गप्प बसतात.

चळवळीत आपण वर्षानुवर्षं वाद घालतो : बायकांच्या वेगळ्या संस्था काढायच्या, की सर्वांच्या संस्थांत घुसायचं? ॲन प्रेस्टनला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. तिनं आपलं रुग्णालय बांधलं आणि त्यांच्या रुग्णालयाचं दारही ठोठावलं. आपलं घर होतं म्हणून तिच्या मुलींना हुर्यो झेलून परत यायला जागा होती. आणि बाहेरचं दार ठोठावलं नसतं, तर तेच घर कोंडवाडा झालं असतं.

त्या नर्सिंगच्या मुलीला मी उत्तर देणं लागते. पुढच्या शिबिरात आनंदीबाईंची गोष्ट मी बोटीपासून सुरू करणार नाही. १८६१ सालच्या त्या रुग्णालयापासून करीन. आणि शेवटी विचारीन, आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या नर्सला कडी असलेली, दिवा असलेली विश्रांतीची खोली आहे का? नसेल, तर उद्या सकाळी कोण कोण येतंय माझ्याबरोबर?