भंगाराचा भाव आणि हाताचा भाव

तांब्याच्या नळीचा तुकडा भंगारवाल्याकडे गेला की एकच प्रश्न विचारला जातो : वजन किती? तोच तुकडा कापून, ठोकून, त्यावर नक्षी उठवून विकावयास ठेवला की प्रश्न बदलतो : एवढे पैसे कशाचे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपला कारागीर बहुधा देत नाही. तो भाव उतरवून मोकळा होतो. हातकारागिरीची आजची दैना केवळ यंत्रांमुळे किंवा परदेशी मालामुळे झालेली नाही. आपल्या कामाचा हिशेब मांडण्याची सवय आपल्याला नाही, हेही तिचे एक मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी एक अगदी लहान वस्तू घेतो : भंगारातल्या तांब्याच्या नळीपासून केलेले लायटरचे नक्षीदार कव्हर.

माझे आजोळ मध्य प्रदेशातील सौसर. सौसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ पासून ते मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. बाहेरच्या लोकांना हा मुलूख संत्र्यांमुळे माहीत असतो, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा तेथला रिवाज. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून या लोकांची बाजारपेठ नागपूर आणि सरकार भोपाळ. मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात अशा आपल्या महाविद्यालयात ही अवस्था फोड करून सांगण्याची गरज नाही.

याच सौसर तालुक्यात लोधीखेडा हे गाव आहे. तेथील तांब्या-पितळेच्या भांड्यांची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही सापडते. आपण ज्याला तांबट म्हणतो त्याला तिकडे तमेर किंवा ताम्रकार म्हणतात. घागर, हंडा, परात, बंब ही त्याच्या हातची भांडी एके काळी प्रत्येक घरात होती. पुढे ॲल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले, आणि तांब्याची भांडी माळ्यावर गेली. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीनेही हेच दिवस पाहिले. पेशवाईपासून नावारूपाला आलेली ही आळी मठारकामासाठी प्रसिद्ध आहे. मठारकाम म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्यावर उठवलेली खळ्यांची ओळ. तिने भांड्याला चकाकी येते आणि ठोक्यांनी पत्रा कडकही होतो. घरगुती भांड्यांची मागणी ओसरल्यावर तेथल्या कारागिरांनी शोभेच्या वस्तूंकडे मोर्चा वळवला, म्हणून आळीतला ठोक्यांचा आवाज अजून बंद पडलेला नाही. तात्पर्य हे की, जुना हात नव्या वस्तूवर बसवता येतो.

माझा मामेभाऊ जातीने तांबट नाही. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. उन्हाळ्यात त्याला जेवायला उसंत नसते आणि पावसाळ्यात काम नसते. त्या रिकाम्या दिवसांत तो मोठ्या यंत्रांतून निघालेल्या जुन्या नळ्यांची कव्हरे करतो. त्याला लागते ती सात सुती नळी, म्हणजे इंचाचे आठ भाग केले तर त्यांतले सात. या नळीचा आतला घेर सुमारे ६३ मिलिमीटर भरतो आणि बाजारातल्या साध्या लांबट-गोल लायटरचा बाहेरचा घेरही जवळपास तेवढाच असतो. हे गणित त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. दोरा गुंडाळून मोजले.

कृती थोडक्यात अशी. नळीत गॅस किंवा तेल राहिलेले नाही याची आधी खात्री करावयाची, कारण शीतकरणाचा वायू ज्योतीत जळला की विषारी धूर होतो. मग सहा सेंटिमीटरचा तुकडा कापून कडा कानसीने घासावयाच्या. तुकडा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावयाचा. पोलाद असे केल्याने कडक होते. तांबे मऊच राहते. मऊ झालेला तुकडा लायटरच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर चढवून लाकडी हातोडीने लांबट करावयाचा. खरा लायटर या सर्व कामात जवळपास आणावयाचा नाही. नंतर पॉलिश पेपरने घासून, जो भाग उंच राहावा असे वाटते तो नेलपॉलिशने झाकावयाचा. आतली बाजूही झाकावयाची. तुकडा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात लोंबकळत ठेवला की उघडे तांबे हळूहळू विरघळते आणि नक्षी उठते. रेडिओचे सर्किट बोर्ड करणारे हेच रसायन वापरतात. नायट्रिक आम्लानेही हे काम होते, परंतु त्यातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसांना घातक असतो. शेवटी सोड्याच्या पाण्यात धुऊन नेलपॉलिश काढले की कव्हर तयार. तांबे उष्णता फार लवकर वाहून नेते, म्हणून वरची कड ज्योतीपासून खाली ठेवावी लागते. लायटर संपला तर तो टाकून त्याच कव्हरात दुसरा बसवता येतो.

अशी कव्हरे नागपुरात १५० रुपयांना जातात. मामेभावाचा हिशेब तोंडी असतो : साहित्य सगळे मिळून ६४ रुपये, उरलेले ८६ नफा. वाचकहो, येथेच आपल्या शाखेने तोंड उघडले पाहिजे. तेच परिव्ययपत्रक आपण मांडून पाहू. सहा सेंटिमीटर सात सुती नळीचे वजन सुमारे ३६ ग्रॅम. तांब्याचा भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता किलोला ८०० रुपये धरू. तांबे झाले २९ रुपयांचे. रसायन, गॅस, पॉलिश पेपर यांचे २५ धरू. करवतीची पाती आणि कानस झिजते, तिचे १०. येथवर त्याचे ६४ बरोबर आहेत. पण एका कव्हराला अडीच तास लागतात. तासाला ७० रुपये धरले तरी मजुरी १७५ होते. वापरून झालेल्या द्रावणाची नीट विल्हेवाट लावण्याचे ६ धरले तर एकूण २४५ रुपये. १५० ला विकलेल्या प्रत्येक कव्हरामागे ९५ रुपयांचा तोटा आहे. तो दिसत नाही, कारण तो स्वतःच्या मजुरीतून भरला जातो. ज्याला तो नफा म्हणतो ते ८६ रुपये म्हणजे तासाला चौतीस रुपयांची मजुरी.

कोणी म्हणेल, रिकाम्या वेळात केलेल्या कामाची कसली मजुरी? हा तर छंद. छंद म्हणून केले तर माझी काहीच तक्रार नाही. मग ते मित्राला भेट द्यावे. पण जो माल बाजारात येतो तो दुसऱ्याच्या मालाशेजारी बसतो. ज्याचे पोट याच कामावर आहे अशा तांबटाचे कव्हर २५० रुपयांना आणि छंदवाल्याचे १५० ला, असे झाले तर गिऱ्हाईक कोणते उचलेल? स्वतःच्या श्रमाचे मोल न धरणारा माणूस स्वतःचे तर नुकसान करतोच, पण शेजाऱ्याचा भावही पाडतो. आणि शेवटी स्वतःही टिकत नाही. येत्या पावसाळ्यात नळ्या सरळ किलोने विकून टाकाव्या आणि नागपूरकडे कारखान्यात काम पाहावे, असे मामेभावाच्या मनात घोळते आहे. त्याचे कव्हर वाईट म्हणून नव्हे. महिन्याअखेर हातात काही उरत नाही म्हणून.

विल्हेवाटीच्या सहा रुपयांविषयीही बोलले पाहिजे. वापरलेल्या द्रावणात तांबे विरघळलेले असते आणि ते मासे व पाण्यातले इतर जीव यांना मारक असते. ते मोरीत ओतले की नाल्यात जाते आणि नाला नदीला मिळतो. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून साका खाली बसू द्यावा, तो गाळून, वाळवून, बंद डब्यात साठवावा आणि घातक कचरा घेण्याचा परवाना असलेल्या माणसाकडे द्यावा. असल्या कचऱ्यासाठी २०१६ सालचे नियम आहेत. हे सहा रुपये पत्रकातून खोडले तर खर्च नाहीसा होत नाही, तो नदीच्या नावे पडतो.

आणखी एक आक्षेप प्राध्यापक मंडळींकडून येईल : धूम्रपानाच्या साधनाला सजवण्याचे कौतुक महाविद्यालयाच्या अंकात कशाला? आक्षेप योग्य आहे. विडी-सिगारेटचे समर्थन मला मुळीच करावयाचे नाही. लायटरने उदबत्ती, निरांजन आणि चूलही पेटते, हे खरे असले तरी बहुतेक गिऱ्हाईक कोण असते ते मला ठाऊक आहे. परंतु हीच नळी, हीच नक्षी आणि हेच रसायन लेखणीच्या नळकांड्याला, दारावरच्या पाटीला, कुंकवाच्या करंड्याला चालते. मुद्दा वस्तूचा नाही, तिच्या हिशेबाचा आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय वेळेचा. एक किलो नळीतून वाया जाणारे धरूनही सुमारे पंचवीस कव्हरे होतात. ती एकेक न करता सगळी एकदम कापली, एकदम तापवली आणि एकाच घाणीत द्रावणात सोडली तर एका नगाचा वेळ सव्वा तासावर येऊ शकेल. मजुरी ८८ वर येईल आणि एकूण खर्च १५८ वर. म्हणजे तरीही १५० हा भाव चुकीचाच. म्हणून दुसरा उपाय भावाचा. आणि भाव वाढतो तो वस्तूवर काय कोरले आहे यावर.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांनी काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे लायटर केले. आज संग्राहक ते जपून ठेवतात. अमेरिकेतील झिप्पो कंपनी १९३२ साली निघाली. तिचे साधे लायटर व्हिएतनामच्या युद्धात सैनिकांनी स्वतःचे नाव, ठाणे आणि मनातला राग कोरून घेतल्यामुळे वेगळे झाले. डबी तीच, धातू तोच; मोल आले ते कोणाचे आणि कुठले यामुळे. मामेभाऊ मात्र परदेशी चित्रांतले गरुड आणि कवट्या उतरवतो. तसले कव्हर कुठेही होते. पोळ्याचा सजवलेला बैल, फळांनी वाकलेली संत्र्याची फांदी, फुटलेले कापसाचे बोंड ही चित्रे त्याच्या दारात आहेत आणि ती पांढुर्णा-सौसरचीच राहतील.

या बाबतीत कन्नड विभागातल्या मित्रांकडून शिकण्यासारखे आहे. बिदरचे बिदरी काम मुख्यतः जस्ताचे, त्यात थोडे तांबे. किल्ल्यातली माती लावून धातू काळा करतात आणि त्यात चांदी बसवतात. यातल्या धातूला भंगारात काय भाव येईल? पण बिदरीचा फुलदाण किलोने कोणी मागत नाही. बहामनी काळापासूनची कला आणि गावाचे नाव त्यावर आहे. २००५-०६ सालात या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. लोधीखेड्याच्या तांब्याला असे नाव मिळणे आज दूर आहे. पण कव्हराच्या तळाशी गावाचे नाव कोरावयाला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आपण काय करावे, हे सांगून लेख संपवतो. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात दरवर्षी हस्तकलेच्या वस्तू मांडल्या जातात. या वर्षी प्रत्येक वस्तूशेजारी तिचे परिव्ययपत्रक लावावे : साहित्य इतके, तास इतके, मजुरी इतकी, कचऱ्याचा खर्च इतका. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती पत्रके कारागिरांशेजारी बसून लिहावीत, मराठीत आणि कन्नडमध्ये. आमचा त्यात अभ्यास होईल आणि गिऱ्हाइकाला 'एवढे पैसे कशाचे?' याचे उत्तर लेखी मिळेल. ते वाचूनही ज्याला वस्तू महाग वाटेल त्याने ती घेऊ नये. पण कारागिराने ती आपल्या घामाच्या खर्चाने स्वस्त करू नये. सव्वा तासाच्या हिशेबाचे पत्रक मी सौसरला पाठवले आहे. त्यात विक्रीची किंमत २०० रुपये लिहिली आहे. पावसाळ्यापर्यंत त्या भावाला दहा गिऱ्हाइके मिळाली तर नळ्या भंगारात जाणार नाहीत.

— बी. कॉम. भाग २