खोके आपले, खेळ कोणाचा?

जपानमधील क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीने २ एप्रिल २०२५ रोजी ‘स्विच २’ या आपल्या नव्या व्हिडिओ गेम यंत्राचा तपशील जाहीर केला. ५ जून रोजी ते बाजारात आले आणि पहिल्या चार दिवसांतच जगभर त्याचे पस्तीस लाखांहून अधिक नग खपले. पोराटोरांच्या करमणुकीच्या एका साधनावर वृत्तपत्राच्या या पानाने शाई का खर्च करावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. परंतु समाजातील कित्येक नव्या चालीरीती प्रथम खेळण्याच्या रूपानेच घरात शिरतात आणि त्या अंगवळणी पडल्यावर मगच त्यांचे खरे स्वरूप ध्यानात येते. या यंत्रासोबत अशीच एक रीत आली आहे.

यंत्राचे पहिले दर्शन सुखावणारे होते, हे आधी मान्य केले पाहिजे. २०१७ च्या मूळ ‘स्विच’चा पडदा ६.२ इंचांचा होता, तो आता ७.९ इंचांचा झाला. साठवणुकीची जागा ३२ गिगाबाइटवरून २५६ वर गेली. दोन्ही बाजूंच्या मुठी चुंबकाने चिकटतात आणि आडव्या धरून टेबलावर सरकवल्या की संगणकाच्या माउसप्रमाणे चालतात. जुन्या यंत्रावरील बहुतेक खेळ नव्यावरही चालतात, ही गोष्ट तर ग्राहकाच्या हिताचीच म्हटली पाहिजे.

नाराजी प्रकट झाली ती किमतीवरून. अमेरिकेत यंत्राची किंमत ४४९.९९ डॉलर आणि ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या एका खेळाची ७९.९९ डॉलर ठरली. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या थेट प्रक्षेपणावर ‘किंमत उतरवा’ अशा संदेशांचा पाऊस पडला. स्वदेशी ग्राहकांसाठी मात्र केवळ जपानी भाषेत चालणारी आवृत्ती ४९,९८० येनला, तर बहुभाषी आवृत्ती ६९,९८० येनला ठेवण्यात आली. तथापि महागाईची तक्रार कालांतराने विरते. ज्या गोष्टीची तक्रार अधिक टिकावयास हवी, ती खोक्याच्या आत आहे.

या यंत्रासाठी काही खेळ ‘गेम-की कार्ड’ या नव्या स्वरूपात विकले जातात. दुकानातून खोके आणावे, उघडावे, तर आत नेहमीसारखेच छोटे कार्ड असते. परंतु त्यावर खेळ नसतो, असते ती केवळ खेळाची किल्ली. कार्ड यंत्रात घालून इंटरनेटद्वारे संपूर्ण खेळ डाउनलोड करून घ्यावा लागतो आणि त्यानंतरही दर वेळी खेळताना ते कार्ड यंत्रात असावेच लागते. म्हणजे दुकानात जाण्याची यातायात जुनी, वस्तू हाती न येण्याची अडचण नवी!

याला दुसरी बाजू नाही असे नाही. आजचे खेळ आकाराने प्रचंड आहेत आणि ते मावतील एवढ्या क्षमतेची कार्डे प्रकाशकांना महाग पडतात. किल्लीचे कार्ड मित्राला देता येते, विकताही येते. निव्वळ इंटरनेटवरून घेतलेल्या खेळाबाबत तेवढे स्वातंत्र्य नसते. खोक्याच्या दर्शनी भागावर तशी सूचनाही छापलेली असते. पण ‘सायबरपंक २०७७’ सारखा अवाढव्य खेळ त्याच्या प्रकाशकाने पूर्णपणे कार्डावर दिलाच ना? तेव्हा अडचण तंत्राची कमी आणि हिशेबाची अधिक आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

याच कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणले. पुढे त्याच्या नकला आपल्याकडेही आल्या आणि त्यात घालावयाच्या ठोकळ्याला आपली मुले ‘कॅसेट’ म्हणू लागली. ती कॅसेट या घरातून त्या घरात फिरे, सुट्टीत मामाच्या गावीही जाई. तिला कोणाची परवानगी लागत नसे. चाळीस वर्षांपूर्वीची धडकी कॅसेट आजही यंत्रात घातली की खेळ सुरू होतो. किल्लीच्या कार्डाबद्दल चाळीस वर्षांनी असे म्हणता येईल काय? २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने आपल्या ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ या जुन्या यंत्रांची इंटरनेटवरील दुकाने बंद केली. पूर्वी घेतलेले खेळ पुन्हा डाउनलोड करण्याची सोय नजीकच्या काळात चालू राहील, असे तिने सांगितले खरे. परंतु अशी सोय ही मेहेरबानी असते, हक्क नव्हे.

या प्रश्नाचे गांभीर्य जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेच नकळत अधोरेखित केले. हे ग्रंथालय २००० सालापासून ग्रंथांप्रमाणेच खेळांच्या प्रतीही जतन करीत आले आहे. जुलै २०२५ मध्ये त्याने स्पष्ट केले की, किल्लीचे कार्ड हे स्वतः आशय नसल्याने ते संग्रहाच्या कक्षेत येत नाही. ज्याला राष्ट्राचे ग्रंथालय ‘यात काही नाही’ म्हणून बाजूला ठेवते, तीच वस्तू ग्राहकाला मात्र पूर्ण वस्तू म्हणून विकली जाते. उद्या पाठ्यपुस्तकाच्या वेष्टनात केवळ प्रकाशकाच्या कपाटाची किल्ली मिळू लागली आणि कपाट कधी बंद करायचे हे प्रकाशकाने ठरवायचे म्हटले, तर कोणता शिक्षक ते मान्य करील?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच झाला आहे: इंटरनेटवरून दिलेली जी वस्तू विक्रेता पुढे काढून घेऊ शकतो, तिच्या बाबतीत ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे त्याला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. हे पाऊल योग्य आहे, पण पुरेसे नाही. सूचना छापल्याने उणीव भरून निघत नाही. डाउनलोडची सोय ज्या दिवशी बंद होईल, त्यापूर्वी ग्राहकाला खेळाची संपूर्ण प्रत मिळेल आणि एक प्रत राष्ट्रीय संग्रहात जाईल, अशी हमी विक्रीच्या वेळीच घेतली गेली पाहिजे.

निन्टेन्डोचा जन्म १८८९ चा. तेव्हा ती ‘हानाफुदा’ हे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवीत असे. तो जोड एकदा विकत घेतला की घराचा होई. पत्ते मळत, झिजत, पण कंपनीला विचारून पिसावे लागत नसत. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तीच कंपनी पुन्हा ग्राहकाच्या हाती एक पत्ता ठेवीत आहे. फरक एवढाच, की या वेळी डाव तिच्याकडे राहिला आहे.