वळणापलीकडची एसटी

रविवारी भल्या पहाटे ताम्हिणी घाटात उभं राहिलं की आधी टायरची किंचाळी ऐकू येते, मग एक्झॉस्टचा फटफटाट आणि मग गाडी दिसते. आतला तरुण अडाणी नसतो. व्हिडिओ बघून त्याने अभ्यास केलेला असतो: चवड्याने ब्रेक दाबून त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारायची, गिअर खाली आणायचा, ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरायचं आणि बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर अशी रेसिंग लाइन पकडायची.

इथेच घोडं पेंड खातं. ट्रॅकची सगळी रुंदी आपली असते, घाटात निम्मी समोरच्याची. डाव्या वळणावर ‘बाहेर’ राहायचं तर त्याच्या लेनमध्ये घुसावं लागतं. उजव्या वळणाचा आतला बिंदू तर त्याच्याच लेनमध्ये असतो. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदात 22 मीटर कापते. माणगावहून घाट चढणारी एसटी वळणापलीकडे नेमकी किती मीटरवर आहे, हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नसतं.

वर म्हणणं असं की, ‘प्रॅक्टिस करतोय’. कसली? चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर तेच वळण दर फेरीला पुन्हा समोर येतं. ब्रेक दहा मीटर उशिरा दाबला तर गाडी बाहेर जाते, मार्शल झेंडा दाखवतो, आपण ओशाळून परत येतो आणि पुढच्या फेरीला सुधारतो. घाटात काल कोरडं असलेलं वळण आज डंपरमधून सांडलेल्या खडीने भरलेलं असतं, परवा शेणाने. टायरची पकड कुठे सुटते हे तिथे कळतच नाही. कळलं तर एकदाच कळतं. अशा सरावातून हात तयार होत नाही, भीड तेवढी चेपते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली रस्त्यावर शर्यत लावल्याबद्दल पहिल्या वेळचा दंड 2019 साली 500 वरून 5,000 रुपयांपर्यंत गेला. ट्रॅकवरचा एक दिवस, प्रवास-पेट्रोल-टायर धरून, याहून महागच पडतो. हौसेला मोल नसतं म्हणणारे नेमके इथे हिशेब करतात.

टाचेची ती करामत रस्त्यावर अजिबात करू नये असं नाही. शेजारी आईला बसवावं, तिच्या मांडीवर आमटीचा डबा द्यावा आणि ताशी चाळीसला, डब्यातली आमटी न हिंदकळता, तिसऱ्यावरून दुसरा टाकून बघावा.